जुन्या फोर-बाय-फोर जीपची घरच्या घरी दुरुस्ती

मराठवाड्यातली जुनी फोर-बाय-फोर जीप झिजते ती मुख्यतः मातीने. उन्हाळ्यात पाणंद रस्त्यांवरची बारीक धूळ एअर फिल्टर आणि बेअरिंगमध्ये शिरते, पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल ब्रेकच्या ड्रममध्ये, कमानपाट्यांमध्ये आणि चेसिसच्या पोकळीत बसून महिनोन्महिने ओलावा धरून ठेवतो, आणि बोअरचे जड पाणी रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचे थर साचवते. हौशी माणसाला घरी करता येण्याजोगी बरीचशी कामे या तीन गोष्टींच्या परिणामांशी संबंधित आहेत. त्यांना महागड्या यंत्रसामग्रीपेक्षा सफाई, ग्रीस, योग्य समायोजन आणि सबुरी अधिक लागते. कामाचा क्रम मात्र सुरुवातीलाच ठरवून घ्यावा. गाडी हातात आली की बहुतेक जण आधी इंजिनाला हात घालतात, कारण आवाज आणि धूर तिथूनच येतो. परंतु इंजिन सुधारून गाडीचा वेग वाढवायचा आणि ब्रेक तसेच ठेवायचे, हा उलटा कारभार आहे. आधी ब्रेक, मग स्टीअरिंग, मग खालचा भाग, मग पाणी आणि शेवटी इंजिन, असा क्रम ठेवणे सर्वांत सुरक्षित.

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस भारतात अमेरिकी विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि त्याच घराण्यातल्या गाड्या पुढे कित्येक दशके बनत राहिल्या. या वंशपरंपरेचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. जुन्या रचनेच्या चेसिस आणि ॲक्सलवरचे बोल्ट अनेकदा इंची मापाचे असतात, तर प्यूजोच्या रचनेवर बेतलेले डिझेल इंजिन मिलिमीटरच्या मापात असते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटाला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटावर जोर लावताच तो घसरतो आणि नटाच्या कडा गोल होतात. म्हणून रिंग पाने आणि गोटी पाने दोन्ही मापांचे घ्यावेत. त्यांच्या जोडीला टॉर्क पाना, ग्रीस गन, मल्टिमीटर आणि गाडीच्या नेमक्या मॉडेलचे दुरुस्ती-पुस्तक असावे. जाम झालेल्या नटावर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री टाकून ठेवावे, सकाळी आटे तारेच्या ब्रशने घासावेत आणि नट थोडा सोडून थोडा परत आवळत काढावा. एकदम ताकद लावली तर बोल्ट तुटतो, आणि मग दहा मिनिटांच्या कामासाठी लेथवाल्याची पायरी चढावी लागते.

गाडी उचलण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. काळ्या मातीत, विशेषतः पावसानंतर, जॅक सरळ खाली रुततो किंवा तिरका होतो. त्यामुळे शक्य असेल तर फरशीवर किंवा मुरमाच्या घट्ट जागेवर काम करावे आणि जॅकखाली जाड लाकडी फळी घालावी. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नाही. चाक वर आले की ॲक्सलखाली लोखंडी घोड्या लावूनच खाली जावे. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे भाराखाली अचानक फुटतात, ते मुळीच वापरू नयेत. आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. विलिस पद्धतीच्या पुष्कळ जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर असतो. मागचे एकच चाक उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते चाक मोकळे फिरू शकते आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये.

ब्रेक

ब्रेकच्या पेडलवरून बराचसा दोष ओळखता येतो. पेडल स्पंजासारखे लागत असेल तर पाइपांमध्ये हवा आहे. पेडल खोल जाते, पण दोन-तीनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होते, अशी स्थिती असेल तर शू (ब्रेक लावताना घासणारे अर्धगोल भाग) आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा) यांतील अंतर वाढले आहे. पाय दाबून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल पाइपांत ढकलणाऱ्या सिलिंडरचे) रबर आतून निकामी झाले आहे, आणि तसे असताना गाडी रस्त्यावर काढू नये. बऱ्याच जुन्या गाड्यांना ब्रेकचे एकच सर्किट असते, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. चिखल साचणाऱ्या जागी पोलादी पाइप बाहेरून गंजतात, म्हणून ते पूर्ण लांबीभर पुसून पाहावेत. गंजाचे खड्डे दिसले तर पाइप बदलावा आणि त्या जागी साधी तांब्याची नळी वाकवून बसवण्याचा मोह टाळावा. तांबे कंपनांनी कडक होऊन चिरते.

ड्रम निघत नसेल तर आधी ॲडजस्टर मागे फिरवून शू आत घ्यावेत आणि मग ड्रमच्या कडेवर चारी बाजूंनी हलके ठोके द्यावेत. आत साचलेली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ती पाण्याने ओली करून फडक्याने पुसावी आणि फडके टाकून द्यावे. लायनिंगवर गिअर ऑइल किंवा ग्रीस आलेले असेल तर धुऊन किंवा घासून उपयोग होत नाही. आधी गळणारे ऑइल सील बदलावे, मग त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे शू जोडीने बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. व्हील सिलिंडरच्या (चाकातले शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबरी टोप्या उचलून आत ओल आहे का ते पाहावे. तिथले रबर डिझेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागले की फुगते, त्यामुळे सफाई ब्रेक ऑइलनेच करावी.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो आणि ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कन्नडचा घाट किंवा बालाघाटाचा उतार भरल्या गाडीने उतरताना ड्रम तापतात, आणि नेमक्या त्याच वेळी जुने ऑइल उकळून पेडल पोकळ होते. दोन वर्षांतून एकदा सगळे ऑइल बदलावे, डबी एकदा उघडली की उरलेले ऑइल पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नये आणि सिलिकोनचे डॉट ५ यात कधीही मिसळू नये.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत ते साधारणतः मागचे डावे चाक असते. त्यानंतर मागचे उजवे, पुढचे डावे आणि पुढचे उजवे. ब्लीडर निपलला (चाकामागच्या, हवा काढण्याच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे, मदतनीसाने पेडल दाबून धरल्यावर निपल सोडावे आणि पेडल वर येण्यापूर्वी ते बंद करावे. घरातल्या मुलाला पेडलवर बसवायचे असेल तर "दाब", "धर" आणि "सोड" हे तीनच शब्द आधी ठरवून घ्यावेत आणि त्याने ते मोठ्याने उलट म्हणावेत. मास्टर सिलिंडरची टाकी मधेच रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शेवटी प्रत्येक चाकाचा ॲडजस्टर शू घासेपर्यंत आवळून, चाक मोकळे फिरेल इतकाच मागे घ्यावा.

स्टीअरिंग, हब आणि कमानपाटे

पुढचा ॲक्सल घोड्यांवर ठेवून चाक वरून आणि खालून धरून हलवावे. ते खुळखुळत असेल तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा किंगपिनमध्ये (चाक डावी-उजवीकडे ज्यावर वळते त्या खिळीत) असतो. मदतनीसाने ब्रेक दाबून धरल्यावर खुळखुळ थांबली तर बेअरिंग सैल आहे, तशीच राहिली तर किंगपिन झिजली आहे. चाक डावी-उजवीकडे हलवून टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंटही तपासावेत. झिजलेले बॉल जॉइंट ठोकून किंवा वेल्डिंगने घट्ट करून देणारे भेटतात, त्यांच्याकडे हे काम देऊ नये. हे भाग नवेच बसवायचे असतात.

चाकाची टेपर बेअरिंग वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, काढून धुवावीत. जुन्या ग्रीसवर नवे ग्रीस भरल्यास आतली माती तशीच राहते आणि बेअरिंग दळत राहते. डिझेलने धुऊन, पूर्ण सुकवून, तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने ते दाबून रोलरांमधून दुसरीकडे निघेपर्यंत भरावे. बसवताना चाक फिरवत नट चाक जड होईपर्यंत आवळावा आणि मग पुस्तकात दिल्याइतका मागे घ्यावा. विलिस पद्धतीच्या हबला ही मात्रा सुमारे एक षष्ठांश फेरी असते. नंतर लॉक वॉशर आणि लॉक नट बसवण्यास विसरू नये. बेअरिंग खराब निघाले तर त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक उतरवून घ्यावा. बेअरिंगांचे क्रमांक प्रमाणित असतात, त्यामुळे जीपचे सुटे भाग मिळत नसलेल्या तालुक्याच्या गावीही ट्रॅक्टरच्या दुकानात तेच बेअरिंग मिळण्याची चांगली शक्यता असते.

कमानपाट्यांमध्ये तुटलेला पाटा शोधताना आधी चिखल धुऊन काढावा, कारण चीर बहुधा सेंटर बोल्टच्या जवळ असते आणि मातीखाली दिसत नाही. शॅकलला (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीला) ग्रीस निपल असेल तर नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे; परंतु रबरी बुश असतील तर त्यांना ग्रीस लावू नये, रबर फुगून सडते. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतात आणि लवकर फाटतात. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (टोकाच्या चौफुली सांध्याला) ग्रीस देताना ते चारही टोप्यांतून दिसले पाहिजे. शाफ्ट काढण्यापूर्वी त्याच्या दोन्ही भागांवर आणि फ्लँजवर खुणा करून ठेवाव्यात. सरकता भाग चुकीच्या दातांवर बसला तर संपूर्ण गाडी थरथरते.

गिअर ऑइल आणि ब्रीदर

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे ऑइल तपासताना आधी भरण्याचा प्लग उघडावा, मगच खालचा. खालचा प्लग आधी काढून ऑइल ओतून दिले आणि वरचा जाम निघाला, तर गाडी आहे तिथेच अडकून पडते. ऑइल प्लगच्या तोंडाच्या पातळीपर्यंत असावे. ते दुधाळ किंवा करड्या रंगाचे दिसले तर आत पाणी गेले आहे. ओढ्यातून किंवा तुंबलेल्या नाल्यातून गाडी काढल्यावर असे का होते, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ॲक्सलच्या हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो, आतली गरम हवा बाहेर जाण्यासाठी. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर काळ्या मातीने बुजलेला असेल तर ॲक्सल सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेतो. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुणे हे पाच मिनिटांचे काम आहे. त्याला रबरी नळी जोडून तिचे टोक बॉडीच्या उंचीवर नेऊन ठेवले तर हा त्रास जवळजवळ संपतो.

डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचे ऑइल लागत असले तरी ते सरसकट गिअरबॉक्समध्ये ओतू नये. त्यातली काही रसायने सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडू देणाऱ्या भागाच्या) पितळी कड्यांना बाधू शकतात, म्हणून पुस्तकात जीएल-४ लिहिले असेल तर तेच वापरावे. याच ओघात चालवण्याविषयी एक सूचना द्यावीशी वाटते. पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (गरजेपुरती चारही चाकांना ताकद देणारी व्यवस्था) जोडून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी चालवू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, मधे फरक सोडणारे काही नसते आणि सगळा पीळ क्रॉस आणि गिअर यांच्यावर येतो. डांबरावर असे चालवून मोडलेल्या क्रॉसचा दोष पुढे विनाकारण चिखलावर येतो.

पाणी आणि उष्णता

एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे तापमान चाळिशीच्या बरेच पुढे जाते आणि तेव्हा रेडिएटरची खरी परीक्षा होते. ऊन तापू लागण्यापूर्वीच तो धुऊन घ्यावा. पाण्याचा झोत इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट, आणि मंद दाबाने मारावा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार झोताने नाजूक पत्र्या आडव्या पडतात. कुसळे, कापसाचे तंतू आणि वाळलेला चिखल बराच निघतो.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतत राहणे हे या भागातल्या गाड्या तापण्याचे एक मोठे कारण आहे. क्षारांचा थर नळ्या अरुंद करतो आणि सिलिंडरभोवतीची उष्णताही नीट निघू देत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट समप्रमाणात मिसळून भरावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, असे म्हणणारे बरेच भेटतात. परंतु ते गंज रोखते आणि उत्कलनबिंदू वाढवते, आणि आपल्याला त्याची गरज त्याचसाठी आहे. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला की गाडी तापत नाही, हा समजही असाच रूढ आहे. थर्मोस्टॅट नसलेले डिझेल इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते, शिवाय चोंदलेल्या रेडिएटरचा मूळ दोष झाकला जातो. थर्मोस्टॅटची शंका असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवावे; त्यावर कोरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ अंशांच्या आसपास, तो उघडू लागला पाहिजे. रेडिएटरच्या झाकणाचे रबर आणि स्प्रिंग, होज पाइपांचा मऊपणा आणि फॅन बेल्टचा ताण हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण एक सेंटिमीटर दबावा. तापलेल्या इंजिनाचे झाकण कोणत्याही घाईत उघडू नये.

इंजिनाची घरी करण्याजोगी कामे

धुराचा रंग पाहून सुरुवात करावी. भार पडल्यावर काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर तपासावा. जुन्या जीपना बहुतेक वेळा ऑइल-बाथ पद्धतीचा फिल्टर असतो. सुगीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत त्याच्या वाटीत तळाला धुळीचा लगदा जमतो, तो काढून वाटी धुवावी आणि नवे ऑइल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरलेले ऑइल डिझेल इंजिन आत ओढू शकते आणि मग किल्ली बंद करूनही ते थांबत नाही, उलट वेग घेत जाते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंड असताना येऊन विरणारा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो, मात्र गरम झाल्यावरही तो राहत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंगची (सिलिंडर हेडखालच्या गॅस्केटची) शंका घ्यावी. ज्या इंजिनांना हीटर प्लग (थंड इंजिन चालू होताना आत उष्णता देणारे) असतात त्यांचे प्लग आपल्याकडे वर्षानुवर्षे मेलेले राहतात, कारण उन्हाळाभर गाडी तशीही चालू होते. डिसेंबरच्या पहाटे मात्र सेल्फ मारून मारून बॅटरी बसते.

गाडी चालता चालता बंद पडून पुन्हा धरत नसेल तर डिझेलमध्ये हवा शिरली असण्याची शक्यता मोठी असते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढीवर असतो, त्यामुळे तिथल्या चिरेतून डिझेल गळताना दिसत नाही, हवा मात्र आत जाते. त्या भागातले रबरी तुकडे आणि क्लिप आधी बदलावेत. नंतर डिझेल फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की तो आवळावा, मग इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूशी हेच करावे. तरीही इंजिन धरत नसेल तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धी फेरी सैल करून सेल्फ मारावा. या वेळी हात किंवा चेहरा तिथे जवळ नेऊ नये. इंजेक्टरचा झोत कातडीतून आत शिरतो, आणि अशी जखम दिसायला बारीक असली तरी तातडीने रुग्णालयात दाखवावी लागते.

वायरिंगचे दोष शोधताना आधी अर्थिंग पाहावे. बंद गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचे उघडे लोखंड यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी काढून, दोन्ही टोके घासून पुन्हा बसवावी. गोदामात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेव्हा फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज न लावता वायर शोधावी. भारी दिवे आणि कर्कश हॉर्न या जुन्या वायरिंगवर चढवण्याची जी हौस असते, तिच्यासाठी निदान वेगळा रिले आणि फ्यूज तरी द्यावा.

इंजेक्शन पंपाची मात्रा, नोझलचा दाब, क्राउन-पिनियनची (डिफरन्शियलमधल्या गिअरजोडीची) मांडणी, हेड तासणे आणि चेसिसचे वेल्डिंग ही कामे घरी करू नयेत. त्यांना मोजण्याची साधने आणि सरावलेला हात लागतो. डिझेलच्या टाकीला रिकामी करूनही वेल्डिंग लावू नये. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते, आणि इंजिन किंवा रचनेत परस्पर केलेला बदल तिथे अडचणीत आणतो, हेही काम काढण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

काम झाल्यावर पहिली फेरी गावाबाहेरच्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर, कमी वेगाने आणि एकट्याने घ्यावी. दहा-बारा किलोमीटरनंतर गाडी थांबवून प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एक ड्रम इतरांपेक्षा फार तापला असेल तर त्याचे शू घासत आहेत किंवा बेअरिंग जास्त आवळले गेले आहे. घरी आल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी त्यावरचे डाग पाहावेत. चाकांचे नट आणि कमानपाट्यांचे यू-बोल्ट सुमारे शंभर किलोमीटर झाल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा एकदा आवळावेत.